सेगाचा आवाज कर्कश, निन्टेन्डोचा दबका? : मतांचा अभ्यास कसा करायचा



संशोधनाचा आराखडा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. 'माझ्या विषयात मोजण्यासारखं काही नाहीच, सगळी लोकांची मतं आहेत. मतांवर संशोधन कसं करणार?' विज्ञान शाखेतून आलेल्यांना ही अडचण जास्त जाणवते. आपल्याला शिकवलेलं असतं की मत वेगळं आणि मोजमाप वेगळं, आणि मत म्हणजे कच्चा माल, तो आधी फेकून द्यायचा.

मी स्वतः एम.एस्सी. करून पीएचडीकडे वळलो, त्यामुळे ही सवय मला चांगली माहीत आहे. आज एक असा विषय घेतो जिथे मतं ढिगाने आहेत, मोजमापंही आहेत, आणि दोन्हींचा इतिहास चाळीस वर्षांचा आहे. विषय आहे जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलचा आवाज. कुठल्या मशीनचा आवाज चांगला, या प्रश्नावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. वाद मिटवणं हे आपलं काम नाही. या वादातलं प्रत्येक मत नेमकं कशाबद्दल आहे, एवढंच आपण शोधणार आहोत.

वादाचं मूळ

दोन मशीन समोर ठेवा. सेगाचं मेगा ड्राइव्ह जपानमध्ये ऑक्टोबर १९८८ मध्ये आलं, अमेरिकेत ते १९८९ मध्ये जेनेसिस या नावाने विकलं गेलं. निन्टेन्डोचं सुपर फॅमिकॉम जपानमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये आलं; बाकी जगात त्याला सुपर निन्टेन्डो म्हणतात. दोन्ही एकाच पिढीचे प्रतिस्पर्धी. आवाज तयार करण्याच्या पद्धती मात्र अगदी वेगळ्या.

मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची वायएम२६१२ ही चिप होती. ती एफएम संश्लेषण करते. म्हणजे काय, तर एका लहरीच्या मदतीने दुसऱ्या लहरीची वारंवारता भराभर हलवायची. त्यातून नवे स्वरघटक तयार होतात आणि आवाजाला घंटेसारखा, तारेसारखा किंवा पितळी पोत येतो. हे तंत्र स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये सापडलं, त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये आला आणि यामाहाने परवाना घेऊन त्यावर वाद्यं बनवली. १९८३ चा डीएक्स७ हा त्यांचा कीबोर्ड तर फारच गाजला. मेगा ड्राइव्हच्या चिपमध्ये असे सहा चॅनेल होते. शिवाय जुन्या पद्धतीची एक साधी चिप सोबतीला होती, तीन चौकोनी लहरी आणि एक खरखर देणारी.

सुपर निन्टेन्डोचा आवाजाचा भाग सोनीने बनवला होता, त्यामागे केन कुतारागी होते. पुढे प्लेस्टेशन घडवणारे तेच. इथे आवाज गणिताने 'घडवत' नाहीत. खऱ्या वाद्याचा छोटा तुकडा साठवून तो वेगवेगळ्या सुरांत वाजवतात. आठ चॅनेल, १६ बिट, सेकंदाला ३२,००० नमुने, आणि वर प्रतिध्वनीची सोय.

आता मतं बघा. सेगावाले म्हणतात, 'निन्टेन्डोचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा.' निन्टेन्डोवाले म्हणतात, 'सेगाचा आवाज पत्र्यावर खिळा घासल्यासारखा.' दोघंही खोटं बोलत नाहीत. पण दोघंही 'मशीनचा आवाज' असं म्हणताना चार-पाच वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. ते पोतं उघडणं हे संशोधकाचं पहिलं काम.

'दबका' म्हणजे नेमकं काय?

आधी निन्टेन्डो. आवाजासाठी एकूण स्मृती ६४ केबी. त्यातच वाद्यांचे तुकडे, गाण्याचा डेटा, वाजवणारा प्रोग्रॅम आणि प्रतिध्वनीसाठी लागणारी जागा. तुकडे दाबून साठवायची सोय होती, १६ नमुने ९ बाइटमध्ये. आता साधा हिशेब करा. ६४ केबी म्हणजे ६५,५३६ बाइट. सगळीच्या सगळी जागा तुकड्यांना दिली तरी साधारण १,१६,५०० नमुने मावतात. सेकंदाला ३२,००० च्या गतीने ते जेमतेम साडेतीन सेकंद पुरतात. प्रतिध्वनी घ्यायचा तर दर १६ मिलिसेकंदांच्या विलंबाला आणखी २ केबी जातात.

मग संगीतकार काय करणार? तुकडे कमी नमुनादराने साठवणार. नमुनादर कमी झाला की वरचे स्वरघटक, म्हणजे झांजेची चकाकी किंवा तारेची धार, निघून जातात. शिवाय तुकडा वेगळ्या सुरात वाजवताना मधले बिंदू भरण्यासाठी ही चिप जी पद्धत वापरते तीही आवाज थोडा गुळगुळीत करते. म्हणजे 'दबका' या एका शब्दात दोन कारणं दडली आहेत. एक चिपचं, जे सगळ्या गेमना सारखंच लागू आहे. दुसरं जागेच्या वाटपाचं, जे प्रत्येक गेममध्ये वेगळं आहे. पहिलं मशीनचं वैशिष्ट्य, दुसरं माणसांचे निर्णय.

फरक पडतो का? भरपूर. १९९४ च्या डाँकी काँग कंट्रीमध्ये डेव्हिड वाइज यांनी याच ६४ केबीत लहान लहान तुकडे एकामागून एक गुंफून तरंगता, पसरट आवाज काढला. चिप तीच, जागा तीच. एकाच चिपवरच्या दोन गेममधला फरक कधी कधी दोन कंपन्यांच्या मशीनमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो. संख्याशास्त्र शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. गटांमधल्या फरकावर बोलण्याआधी गटाच्या आतला फरक बघायचा असतो.

'कर्कश' म्हणजे नेमकं काय?

आता सेगा. इथली गंमत जास्त शिकवणारी आहे.

एफएम चिपला आवाज सांगणं सोपं नसतं. प्रत्येक चॅनेलला चार लहर-उत्पादक, प्रत्येकाचे वेगळे आकडे. हे आकडे जुळवणं हीच कला. अमेरिकेत सेगाने कंपन्यांना जेम्स नावाचं तयार साधन दिलं होतं. ते सोयीचं होतं, आणि अनेकांनी त्यातले तयार आवाज फारसे न बदलता वापरले. म्हणून कितीतरी अमेरिकन गेमचा आवाज एकसारखा आणि पत्र्यासारखा वाटतो. जपानमध्ये युझो कोशिरो यांनी एनईसीच्या पीसी-८८ संगणकावर स्वतःच्या पद्धतीने संगीत-भाषा लिहून स्ट्रीट्स ऑफ रेज (१९९१) आणि त्याचा दुसरा भाग (१९९२) यांचं संगीत केलं. त्या काळच्या क्लबमधल्या नृत्यसंगीताचा ठोका त्यात ऐकू येतो.

याच कोशिरोंनी सुपर फॅमिकॉमवर ॲक्टरेझरसाठी (१९९०) वाद्यवृंदाच्या ढंगाचं संगीत दिलं आहे. म्हणजे माणूस तोच, दोन मशीन. आपल्याला प्रयोगात हवी असते तशी ही तुलना आयती मिळते. ती ऐकल्यावर 'सेगा वाईट, निन्टेन्डो चांगलं' हे वाक्य टिकत नाही. टिकतं ते एवढंच, की दोन मशीन वेगवेगळ्या प्रकारच्या कामाला सोपी होती.

पण थांबा, सेगाच्या बाबतीत आणखी एक मत आहे: 'मेगा ड्राइव्हचं पहिलं मॉडेल घ्या, दुसरं मॉडेल बेकार.' पहिल्या मॉडेलवर हेडफोनची खाच आणि आवाजाची सरकपट्टी आहे. १९९३ मध्ये आलेलं दुसरं मॉडेल छोटं, त्यात ती सोय नाही. हौशी लोक तर पहिल्या मॉडेलवर 'हाय डेफिनिशन ग्राफिक्स' ही अक्षरं आहेत का, हे बघून जुनं मशीन विकत घेतात. आवाजासाठी चित्राबद्दलची अक्षरं शोधायची!

हे वेडगळ वाटतं, पण नाही. सुरुवातीच्या चिपमधलं आकड्याचं विद्युत-दाबात रूपांतर करणारं मंडल सदोष होतं. शून्याच्या आसपास, म्हणजे आवाज अगदी हळू असताना, पायरी असायला हवी त्यापेक्षा मोठी पडते. त्यामुळे हळू आवाज थोडे मोठे आणि खरखरीत होतात. नंतरच्या मशीनमध्ये वायएम३४३८ या सुधारित चिपचा गाभा आला आणि तो दोष बराच कमी झाला. उपकरणाने मोजलं तर नंतरची चिप सरस.

आणि तरीही अनेक जाणकार जुनीच चांगली म्हणतात. का? एक तर काही संगीतकारांनी त्या खरखरीसकट ऐकत संगीत बसवलं होतं. खरखर गेली की विरत जाणारे सूर लवकर संपल्यासारखे वाटतात. दुसरं, अनेक नंतरच्या मशीनमध्ये चिपच्या पुढचं वर्धक मंडलच कमी दर्जाचं होतं, त्याने आवाज मंद किंवा फाटका येतो. म्हणजे 'दुसरं मॉडेल बेकार' या मतात दोन कारणं एकमेकांत मिसळली आहेत, आणि त्यातलं एक तर कागदावर 'सुधारणा' आहे.

ही कारणं वेगळी कशी काढायची? हौशी मंडळींनीच काढली. त्यांनी चिपमधून आवाज थेट घेऊन स्वतःच्या वर्धक मंडलातून बाहेर काढला. मंदपणा गेला, हळू आवाजातला फरक तसाच राहिला. एक घटक बदलायचा, बाकीचे स्थिर ठेवायचे. आपण प्रयोगशाळेत करतो तेच हे.

अजून एक धडा यात आहे. पहिल्या मॉडेलच्याच व्हीए७ या शेवटच्या आवृत्तीत आतला आवाजाचा भाग दुसऱ्या मॉडेलसारखा होता. बाहेरून पहिलं, आतून दुसरं. म्हणजे 'मॉडेल १ विरुद्ध मॉडेल २' ही विभागणीच कवचावरून केलेली होती. तुमच्या आराखड्यात 'शहरी-ग्रामीण', 'इंग्रजी माध्यम-मराठी माध्यम' अशा जोड्या असतील तर स्वतःला विचारा, मी कवचावरून वर्ग पाडतोय की आतल्या बोर्डावरून?

एकच गेम, दोन देश

आता थोडं मागे, १९८३ च्या फॅमिकॉमकडे जाऊ. याचंच अमेरिकन रूप म्हणजे एनईएस (१९८५). आतली चिप दोन्हीकडे जवळपास सारखी: दोन स्पंद-लहरी, एक त्रिकोणी लहर, एक खरखर आणि एक छोटे नमुने वाजवणारा चॅनेल.

पण जपानी फॅमिकॉममध्ये मशीनचा आवाज कार्ट्रिजच्या खाचेतून बाहेर जाऊन परत आत येत असे. त्यामुळे कार्ट्रिजमध्ये जास्तीची चिप बसवून वाद्यं वाढवता येत. अमेरिकन एनईएसच्या कार्ट्रिज-खाचेत हा मार्ग ठेवलाच नव्हता. कोनामीचा कॅसलव्हेनिया ३ हा गेम जपानमध्ये १९८९ च्या डिसेंबरात आला तो व्हीआरसी६ या चिपसह. तिने आणखी दोन स्पंद-लहरी आणि एक करवती लहर दिली. १९९० मध्ये अमेरिकेत तोच गेम आला तेव्हा संगीत मूळच्या पाच चॅनेलमध्ये बसवावं लागलं.

आता एखादा अमेरिकन चाहता म्हणतो, 'कॅसलव्हेनिया ३ चं संगीत हलकं वाटतं,' आणि एखादा जपानी चाहता म्हणतो, 'भरगच्च आहे.' दोघं भांडत नाहीयेत, दोघांनी वेगळी वस्तू ऐकली आहे. मुलाखतीवर आधारलेलं संशोधन करणार असाल तर हे लिहून ठेवा. उत्तरं जुळत नसतील तर आधी प्रश्नातली वस्तू एकच आहे का ते तपासा.

युरोपातली गोष्ट आणखी वेगळी. तिथला टीव्ही सेकंदाला ५० चित्रांचा, जपान-अमेरिकेतला ६० चा. बऱ्याच गेमचं संगीत चित्राच्या ठोक्यावर चालायचं. गेम जुळवून घेतला नसेल तर ६० सेकंदांची चाल ७२ सेकंद चालते. सोनिकचा पहिला भाग युरोपात असा संथ वाजायचा, दुसऱ्या भागात संगीताची गती सुधारून घेतली गेली. युरोपातल्या एका पिढीला तो संथपणाच 'खरा' वाटतो.

आपल्याकडचा आवाज कुणाच्या नोंदीत आहे?

भारतातही पाल पद्धतीचा, ५० चाच टीव्ही. आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं 'व्हिडिओ गेम' म्हणून जे घरोघरी आले, त्यातले पुष्कळसे फॅमिकॉमच्या नकला होते. पिवळ्या-काळ्या 'कॅसेटी', एकात शेकडो गेम असल्याचा दावा, आत मारिओ, कॉन्ट्रा आणि रणगाड्यांचा गेम. अँटेनाच्या खाचेत वायर लावून टीव्हीचं चॅनेल जुळवायचं.

अशा नकलांमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीच्या यूए६५२७पी यांसारख्या चिप असत. अनेक नकलांमध्ये स्पंद-लहरीच्या २५ टक्के आणि ५० टक्के या दोन आकारांची अदलाबदल झालेली असते. याचा अर्थ भौतिकशास्त्राच्या भाषेत असा: ५० टक्के लहरीत मूळ सुराचे फक्त विषम पटीतले स्वरघटक असतात, म्हणून आवाज पोकळ, बासरीच्या बाजूला झुकणारा. २५ टक्के लहरीत चौथा, आठवा, बारावा असे सोडले तर बाकीचे सगळे असतात, म्हणून आवाज धारदार, थोडा नाकातला. संगीतकाराने जिथे धार मागितली तिथे पोकळपणा, आणि उलट. वर ५० च्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकलांवर सूर जवळपास मूळ उंचीवर, पण चाल एक षष्ठांशाने संथ.

म्हणजे अशा मशीनवर वाढलेल्या सांगली-सोलापूरच्या मुलाला जो कॉन्ट्रा आठवतो तो पोताने आणि लयीने जपानी कॉन्ट्रापेक्षा वेगळा आहे. त्याची आठवण 'चुकीची' नाही, मशीन तसंच वाजत होतं. आज फोनवर तोच गेम चालवून तो म्हणाला, 'काहीतरी वेगळं वाटतंय,' तर ते नॉस्टॅल्जिया म्हणून उडवून लावू नका. तो कदाचित अचूक निरीक्षण सांगतोय.

इथे खरी जोखीम आहे. जुन्या मशीनचं जतन करणाऱ्यांनी अफाट काम केलंय. चिपचं कवच काढून आतल्या सिलिकॉनची छायाचित्रं घेतली आणि त्यावरून सेगाच्या एफएम चिपचं जवळजवळ तंतोतंत सॉफ्टवेअर-रूप बनवलं. पण 'मूळ' म्हणून बहुतेक वेळा जपानी किंवा अमेरिकन मशीन धरलं जातं. तोच आवाज एकमेव प्रमाण झाला, तर कोट्यवधी लोकांनी प्रत्यक्ष ऐकलेला आवाज इतिहासातून निसटतो. नकली मशीन कुणी कपाटात जपून ठेवत नाही, ते भंगारात जातं. हा विषय कुणीतरी संशोधनाला घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

मत कधीचं आहे?

शेवटचा मुद्दा काळाचा. १९९० मधलं मत आणि आजचं मत हे दोन वेगळे पुरावे आहेत. ब्रिटनच्या मीन मशीन्ससारख्या मासिकांत तेव्हा आवाजाला वेगळे गुण देत. त्या एका आकड्यात चाल, वाद्यं, ढिशूम-ढिशूम आणि मशीनची ताकद सगळं आलं. त्या आकड्यावरून चिप चांगली होती का हे ठरत नाही. तेव्हाच्या कानाला नवं काय वाटलं, हे मात्र समजतं. आजचा माणूस हेडफोन लावून तीच फाइल ऐकतो, तेव्हा टीव्हीच्या छोट्या स्पीकरने झाकलेली खरखर त्याला पहिल्यांदा ऐकू येते.

आणि वस्तूही बदलत राहते. सुपर निन्टेन्डोच्या आवाजाचा भाग सिरॅमिक रेझोनेटरवर चालतो, तो क्वार्ट्झइतका स्थिर नसतो. कागदावर ३२,००० असलेला दर प्रत्यक्षात थोडा जास्त भरतो. २०२५ मध्ये टासबॉट प्रकल्पाच्या मंडळींनी जगभरच्या मालकांकडून अशी मोजमापं मागवली, वयानुसार मशीन जलद होतंय का हे बघायला. हा फरक कानाला सहसा कळणार नाही इतका बारीक आहे. पण 'मूळ मशीनवर ऐकलं' हे वाक्यही एका तारखेसह लिहावं लागतं, एवढं त्यातून कळतं.

तुमच्या आराखड्यासाठी

मतं हाताशी असतील तर ती फेकू नका आणि जशीच्या तशी मानूही नका. प्रत्येक मतासमोर चार गोष्टी लिहा: कोणती वस्तू, म्हणजे नेमकी कोणती आवृत्ती, ती कोणत्या साखळीतून त्या माणसापर्यंत पोचली, तुलना कशाशी होती, आणि मत कोणत्या साली नोंदवलं. हे चार रकाने भरले की निम्मे वाद आपोआप विरघळतात, कारण लोक वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते असं दिसतं. जे उरतात ते खरे मतभेद. वायएम२६१२ ची खरखर हा दोष की वाद्याचा भाग, हा तसा मतभेद आहे. तो ऑसिलोस्कोपने सुटणार नाही, आणि ऑसिलोस्कोपशिवाय नीट मांडताही येणार नाही.

'कुठल्या कन्सोलचा आवाज चांगला?' या प्रश्नावर प्रबंध होत नाही. 'महाराष्ट्रात १९९५ ते २००५ मध्ये विकल्या गेलेल्या नकली मशीनवर गेमचं संगीत कसं ऐकू येत होतं?' या प्रश्नावर होऊ शकतो. त्यासाठी मशीन लागतील, मोजमाप लागेल आणि तेव्हा खेळणाऱ्यांच्या मुलाखती लागतील. घरात माळ्यावर असं एखादं मशीन पडलेलं असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला देऊ नका. आधी त्याचा आवाज रेकॉर्ड करा, आणि झाकण उघडून आतल्या बोर्डावर काय छापलंय ते लिहून ठेवा.